रिकर्व्ह धनुष्याचा आवाज कमी कसा करायचा: नवीन लोकांसाठी, क्रमाने

धनुष्याचा टणत्कार कीर्तनात आणि पौराणिक मालिकांमध्ये शोभतो, हरणाच्या शिकारीत तो अजिबात नको असतो. कारण साधं गणित आहे. चांगला पारंपरिक रिकर्व्ह (टोकं उलटी वळलेलं धनुष्य) बाणाला सेकंदाला साधारण १७० ते १८० फूट वेग देतो आणि आवाज जातो ११०० फुटांच्याही वर. व्हाइटटेल हरीण (अमेरिकेतली हरणाची जात) २० यार्डांवर, म्हणजे ६० फुटांवर उभं असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानात सेकंदाच्या विसाव्या भागात पोचतो, बाणाला मात्र सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या मधल्या वेळात दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं, आणि बाण एकतर पाठीवरून निघून जातो नाहीतर लागायला नको तिथे लागतो. वरून गेला तर काही बिघडत नाही, पण चुकीच्या जागी लागला तर ते जनावर तडफडत रानात दूर जातं आणि बऱ्याचदा सापडतही नाही. म्हणून आवाजाचा विषय मला हौसेचा वाटत नाही, शिकारीला जायच्या आधीची ती जबाबदारी आहे.

बाण आवाजापेक्षा फास्ट करणं कुठल्याच धनुष्याला जमत नाही, चाकं लावलेल्या कंपाउंडलाही नाही. त्यामुळे वेगाच्या मागे लागून हा प्रश्न सुटत नाही, आवाज बारीक आणि बोथट करणं हाच मार्ग. बोथट म्हणजे काय तर तीक्ष्ण 'टंग्ग' जाऊन तिथे दबका 'ठप्प' यायला हवा. पूर्ण शांत धनुष्य असं काही नसतं, पण दबका आवाज रानातल्या बाकीच्या आवाजांत बराच मिसळून जातो.

हे मी अमेरिकेतल्या शिकारीबद्दल लिहितोय, मी मिशिगनमध्ये राहतो आणि इथे धनुष्याने हरणाच्या शिकारीचा सीझन १ ऑक्टोबरला उघडतो. लायसन्स लागतं, आणि १ जानेवारी १९६० ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना साधारणपणे हंटर सेफ्टीचा कोर्सही करावा लागतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तिकडे कोणी हे वाचत असेल तर फक्त टार्गेटवर वापरा, धनुष्य शांत असलं की नेम लावायलाही छान वाटतं. आणि एक, साताऱ्याच्या प्रवीण जाधवला ऑलिम्पिकमध्ये ज्या रिकर्व्हने खेळताना आपण पाहिलं त्याला पुढे लांब स्टॅबिलायझर (तोल धरणाऱ्या दांड्या) असतात, ते बरीचशी थरथर खातात. इथे आपण बोलतोय ते लाकूड आणि फायबरग्लासच्या साध्या शिकारी रिकर्व्हबद्दल, त्यावर असं काही लावलेलं नसतं, म्हणून सगळं काम दोरी, बाण आणि छोट्या छोट्या गोष्टींवर करावं लागतं.

आधी हे समजून घ्या

दोरी ओढता तेव्हा वरच्या-खालच्या दोन्ही लिम्बमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांमध्ये, ताकद साठते. सोडली की त्यातली बरीचशी बाण घेऊन जातो, जी उरते ती लिम्ब, दोरी आणि मधल्या रायझरमध्ये (हातात धरायचा जाड भाग) थरथर म्हणून राहते आणि तीच तुम्हाला ऐकू येते. म्हणजे आवाज हा उरलेल्या ताकदीचा आहे. तो कमी करायचा तर आधी ताकद उरूच कमी द्यायची, आणि जी उरते तिला नंतर गप्प करायचं. नवीन लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी दोरीला फर बांधतात आणि मग आवाज का जात नाही म्हणून आणखी फर बांधतात. सायलेन्सर, म्हणजे दोरीवर लावायचे फर, लोकर किंवा रबराचे गोंडे, सर्वात शेवटी. हा क्रम पाळलात तर अर्ध्याहून जास्त काम फुकटात होतं.

रिकर्व्हचा एक स्वतःचा त्रास आहे. त्याच्या लिम्बची टोकं उलटी वळलेली असतात, त्यामुळे दोरी टोकाजवळ दोन-तीन इंच लिम्बवर टेकून असते आणि बाण सुटल्यावर परत येऊन तिथे आपटते. लाँगबोमध्ये दोरी लिम्बवर अशी टेकत नाही, म्हणून तो मुळातच शांत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऐकायची सोय करा

तुमचा कान दोरीच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे हरणाला काय ऐकू येतं ते तुम्हाला कळतच नाही. फोन रेकॉर्डिंगला लावून टार्गेटच्या रेषेत पण पाच-सहा मीटर बाजूला ठेवा, एखाद्या ठोकळ्याच्या किंवा झाडाच्या आडोशाला. फोनच ठेवा, माणूस तिथे उभा करू नका, कितीही खात्रीचा नेम असला तरी नाही. बाण तोच, अंतर तेच, दर वेळी तीन-चार बाण मारायचे आणि मग इअरफोन लावून ऐकायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच समजणार नाही. बदललेली प्रत्येक गोष्ट मापासकट वहीत लिहून ठेवा.

धनुष्य तपासा

दोरी चढवलेलं धनुष्य एका हातात सैल धरा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीने लिम्बवर हलकेच टकटक करा. कुठे खरखर, झणझण ऐकू आली तर काहीतरी ढिलं आहे. टेकडाउन (लिम्ब सुटे होणारं) असेल तर लिम्बचे बोल्ट बघा, धनुष्याला लावलेला क्विव्हर (बाणांचा भाता) असेल तर तो काढून परत टकटक करा, बऱ्याचदा खडखडाट त्याचाच निघतो आणि त्यात खोचलेल्या बाणांची पिसं एकमेकांना घासतात ते वेगळंच. ओढताना करकर येत असेल तर लिम्ब रायझरवर जिथे बसतं तिथे थोडं मेण चोळा. मग कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही अंगांवरून आणि कडांवरून फिरवा, कापूस जिथे अडकेल तिथे नीट बघा, तडा किंवा फायबरग्लासची चीर असेल तर ते धनुष्य वापरायचंच नाही, जाणकाराला दाखवा.

आणि बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका, आवाज ऐकून बघायला म्हणूनही नाही. बाणाने न्यायची सगळी ताकद लिम्बमध्येच परत जाते आणि ते फुटू शकतं.

बाणाचं वजन

आवाजावर सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि गंमत म्हणजे याला धनुष्याला हातही लावावा लागत नाही. बाण जितका जड तितकी जास्त ताकद तो सोबत घेऊन जातो, मागे तेवढी कमी उरते. मोजायची रीत अशी की बाणाचं पूर्ण वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, टोकासकट, आणि त्याला तुम्ही प्रत्यक्षात ओढता त्या पाउंडांनी भागायचं. एक ग्रॅम म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रेन. ४५ पाउंडाला ४५० ग्रेनचा बाण, म्हणजे सुमारे २९ ग्रॅम, हे झालं पाउंडाला १० ग्रेन. शिकारीच्या रिकर्व्हला ९ ते १० च्या आसपास असावं असं माझं मत आहे, ८ च्या खाली गेलात तर आवाज तीक्ष्ण होतो, हाताला झटका बसतो आणि बरेच बनवणारे त्याखाली वॉरंटीही देत नाहीत.

इथे एक लक्षात घ्या. लिम्बवर लिहिलेले पाउंड २८ इंच ओढल्यावरचे असतात, आपल्यापैकी बऱ्याच जणांचा ड्रॉ २६-२७ इंचांचा असतो आणि दर इंचाला साधारण दोन-अडीच पाउंड कमी होतात. म्हणजे ४५ लिहिलेलं धनुष्य तुम्ही कदाचित ४१ नेच ओढताय. क्लबमध्ये किंवा दुकानात बो स्केल असतो, एकदा मोजून घ्या.

वजन वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे पुढचं टोक जड करणं, १२५ ग्रेनच्या जागी १७५ चं, किंवा टोक ज्यात बसतं तो आतला ॲल्युमिनियमचा इन्सर्ट काढून पितळेचा घालणं. पण पुढे वजन वाढलं की बाणाचा दांडा जास्त वाकायला लागतो, म्हणजे जास्त लवचिक असल्यासारखा वागतो, त्यामुळे ट्यूनिंग परत बघावं लागतं. त्यावर येतोच.

ब्रेस हाइट

दोरी चढवल्यावर ग्रिपच्या सर्वात खोल भागापासून दोरीपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. मोजायला बो स्क्वेअर नावाची टी आकाराची पट्टी मिळते, स्वस्त असते, पहिल्या खरेदीत घ्याच. ६० ते ६२ इंची रिकर्व्हला बहुतेक वेळा हे साडेसात ते सव्वाआठ इंचांच्या मध्ये कुठेतरी असतं, पण तुमच्या धनुष्याच्या बनवणाऱ्याने काय सांगितलंय ते आधी बघा आणि त्या मर्यादेतच राहा.

प्रत्येक धनुष्याची एक जागा असते जिथे ते एकदम शांत होतं. ती कागदावर कुठे लिहिलेली नसते, शोधावी लागते. सांगितलेल्या मापाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. तीन-चार बाण मारा, रेकॉर्ड करा. मग स्ट्रिंगरने (धनुष्याची दोरी चढवायचं-उतरवायचं साधन) दोरी उतरवा (पायात अडकवून उतरवू नका, लिम्ब पिळवटतं), एका टोकाचा लूप काढा आणि दोरीला चार-पाच पीळ वाढवा. पीळ आहे त्याच दिशेने द्यायचा, फ्लेमिश (धागे पिळून लूप केलेली) दोरी असेल तर हे फार महत्त्वाचं, उलट दिशेने फिरवत गेलात तर ती उलगडते. परत चढवा, काही बाण मारून दोरी बसू द्या, मग मोजा. इंचाच्या साधारण आठव्या हिश्श्याने वाढ झाली की परत रेकॉर्ड करा. असं करत वर वर जायचं. कुठेतरी अचानक फरक ऐकू येतो, आवाज खाली उतरतो, हातातली थरथरही कमी होते, आणि अजून वर गेलात की परत बिघडायला लागतो. ती मधली जागा तुमची. माप लिहून लिम्बच्या आतल्या बाजूला छोट्या टेपवर चिकटवा.

इथे घाई करू नका, एक अख्खी संध्याकाळ द्या. मला विचाराल तर या एका संध्याकाळीने जेवढा आवाज जातो तेवढा दुकानातल्या कुठल्याही वस्तूने जात नाही. नवी दोरी सुरुवातीला ताणते त्यामुळे ब्रेस हाइट आपोआप खाली येते, पहिले काही दिवस रोज मोजा. पीळ फार झाले आणि दोरी गाठी मारायला लागली तर ती दोरी लांब आहे, छोटी घ्या. रिकर्व्हला दोरी साधारण धनुष्याच्या लिहिलेल्या लांबीपेक्षा ४ इंच कमी लागते, ६० ला ५६. आणि ब्रेस हाइट बदलली की नॉक पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायची जागा, परत तपासायचा, बाण काटकोनापेक्षा साधारण अर्धा इंच वर बसावा, तिथून पुढे थोडं वर-खाली.

नॉक

बाणाचा मागचा खाचेचा भाग दोरीवर फार घट्ट बसत असेल तर सुटताना 'टक' असा वेगळाच आवाज येतो. बाण दोरीला लावून धनुष्य असं धरा की बाण खाली लोंबेल, मग दोरीवर बोटाने टिचकी मारा. एका टिचकीत पडला तर बरोबर. टिचकीआधीच पडला तर सैल आहे, आणि सैल नॉक जास्त धोक्याचा, बाण निसटला तर तेच रिकामं सोडल्यासारखं होतं. दोन-तीन टिचक्या माराव्या लागल्या तर घट्ट. दोरीच्या मध्यावर गुंडाळलेल्या सर्व्हिंगचा दोरा जाड-बारीक बदलून हे जमवता येतं.

बाण आपटतोय का बघा

दांड्याचा ताठपणा धनुष्याला जुळला नाही तर बाण जाताना रायझरला ठोकत जातो आणि तो आवाज तुम्ही दोरीवर कितीही फर बांधली तरी जात नाही. स्ट्राइक प्लेटवर (रायझरच्या बाजूला बाण टेकतो ती पट्टी) थोडी टाल्कम पावडर लावा आणि बाण मारा, पावडरवर ओरखडा कुठे आणि किती लांब उठला ते दिसतं. नंतर बेअर शाफ्ट करा, म्हणजे तसाच एक बाण पण पिसं नसलेला, पिसांच्या बाणांसोबत १०-१५ यार्डांवरून मारायचा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण बाकीच्यांच्या डावीकडे गेला तर दांडा ताठ आहे, उजवीकडे गेला तर लवचिक. ताठ असेल तर टोक जड करा, लवचिक असेल तर टोक हलकं करा किंवा दांडा थोडा कापा. आवाजाच्या दृष्टीने आपल्याला जड टोक हवंय, त्यामुळे लवचिक निघाला तर मी टोक हलकं करण्यापेक्षा ताठ दांडा घ्या म्हणेन.

तिन्ही बोटं बाणाच्या खाली धरून मारत असाल तर हेही माहीत असू द्या, बरीचशी धनुष्यं एक बोट वर आणि दोन खाली या पकडीसाठी बनवलेली असतात. तीन खाली धरलं की खालच्या लिम्बवर ताण वेगळा येतो, दोन्ही लिम्ब एकाच क्षणी परत येत नाहीत आणि आवाज वाढतो. टेकडाउनमध्ये टिलर (दोन्ही लिम्बच्या ताणातला फरक) बदलण्याची सोय असेल तर जुळवून घ्या, नसेल तर नॉक पॉइंट जरा वर नेऊन बघा.

दोरी लिम्बवर आपटते तिथे

आता ती रिकर्व्हची खास जागा. दोरी लिम्बच्या वळणावर जिथे टेकते तिथल्या खाचेत मऊ पट्टी चिकटवा, वेल्क्रोची मऊ बाजू (काट्यांची नाही), मोलस्किन (मागे चिकट असलेलं मऊ कापड), किंवा पातळ फ्लीस. दोन-अडीच इंचांची अरुंद पट्टी पुरते. आधी स्पिरिटने तो भाग पुसून घ्या नाहीतर पावसात निघते, आणि पट्टी खाचेच्या मधोमध आली पाहिजे, एका बाजूला सरकलेली असेल तर दोरी खाचेतून बाहेर जाऊ शकते. काही लोक पट्टीऐवजी दोरीच्याच टोकाला लूपपासून दोन-तीन इंच लोकर गुंडाळतात, तेही चालतं. या पट्टीने 'फट्ट' असा जो कोरडा आवाज असतो तो लगेच जातो.

दोरी कुठली

मुख्य प्रकार दोन. डेक्रॉन, म्हणजे बी-५० किंवा बी-५५, थोडी ताणते, झटका खाते, त्यामुळे आवाज मऊ. दुसरी फास्टफ्लाइट, डी-९७ वगैरे कमी ताणणारी, हिने बाणाला थोडा वेग जास्त मिळतो पण बारीक असेल तर आवाज तीक्ष्ण येतो, म्हणून लूपच्या जागी जादा धागे घालून जाड केलेली दोरी बनवून घ्या. फ्लेमिश पिळाची दोरी एन्डलेस लूपपेक्षा (एकच धागा गोल गुंडाळून केलेली दोरी) शांत वाटते असा बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही.

जुन्या धनुष्यांना मात्र फक्त डेक्रॉन. फ्रेड बेअरने १९४७ मध्ये आपला कारखाना डेट्रॉइटहून इथल्या ग्रेलिंगला नेला होता, त्यामुळे मिशिगनमध्ये १९६० आणि ७० च्या दशकातली बेअरची सुंदर धनुष्यं अजून हातोहात फिरतात. त्यांची टोकं कमी ताणणाऱ्या दोरीसाठी मजबूत केलेली नाहीत, टोक कापलं जाऊ शकतं. विकणारा काहीही म्हणो, जुनं असेल तर डेक्रॉनच लावा.

आता सायलेन्सर

तंबोऱ्याच्या तारेवर बोट टेकलं की नाद बसतो, सायलेन्सर दोरीवर तेच करतो. रबराच्या झिरमिळ्यांचे कॅट व्हिस्कर्स स्वस्त, पावसात काही होत नाही, पण उन्हाने दोन-एक वर्षांत चिरतात. लोकरीचे गोंडे घरी बनतात, मस्त काम करतात, पण भिजले की पाणी पितात आणि जड होतात. बीव्हर किंवा ऑटरची फर मला सर्वात आवडते, ही पाण्यात राहणारी जनावरं, फर दाट असते, भिजली तरी झटकली की सुटते.

फरची पट्टी पाव इंच रुंद आणि आठ-दहा इंच लांब कापायची. कात्रीने कापू नका, केस कापले जातात. फर उलटी करा, चामड्याच्या बाजूने धारदार ब्लेडने फक्त चामडं कापा आणि हाताने ओढून वेगळी करा, केस पूर्ण लांबीचे राहतात. दोरी उतरवून सैल करा, बोथट सुईने धागे फाकवा, पट्टीचं एक टोक त्यातून ओवा, मग दोरीभोवती जवळजवळ वेढे देत जा आणि दुसरं टोक तसंच धाग्यांतून ओवून घट्ट करा. दोरी चढवली की धागे आपोआप आवळतात, गाठ लागत नाही. वेढे देताना केस चामड्याखाली दाबले जातात ते सुईने बाहेर काढा, गोंडा फुगला पाहिजे.

जागा महत्त्वाची. दोरी वरच्या लिम्बपासून जिथे सुटते तिथून खालच्या लिम्बपर्यंतची मोकळी लांबी मोजा. एक सायलेन्सर एका टोकापासून पाव अंतरावर, दुसरा दुसऱ्या टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर. मोकळी दोरी ५० इंच असेल तर साडेबारा आणि पावणेसतरा. दोन्ही सारख्या अंतरावर लावले तर दोरीची काही कंपनं अशी असतात की त्यांची न हलणारी जागा दोन्ही सायलेन्सरच्या नेमकी खाली येते आणि ती निसटतात, वेगळ्या अंतरांवर असले की एकाने सोडलेलं दुसरा धरतो. मग अर्धा-अर्धा इंच सरकवत रेकॉर्डिंग ऐका. दोन पुरतात, चार लावू नका, दोरी जड होते आणि बाणाचा वेग उगाच जातो.

उरलेलं

बाण ओढताना शेल्फवर, म्हणजे रायझरच्या ज्या कडेवर तो टेकतो तिथे, घासल्याचा आवाज शांत सकाळी हरणाला सहज ऐकू जातो, आणि तो सोडायच्या आधीच. शेल्फवर आणि बाजूच्या प्लेटवर फेल्ट, वेल्क्रोची मऊ बाजू किंवा केसाळ चामडं लावा. प्लास्टिक रेस्ट असेल तर बाण त्यावर चुकून टकटकतो, तिथेही फेल्टचा तुकडा. जॅकेटची बाही दोरीला लागते का ते उन्हाळ्यातल्या टी-शर्टमध्ये कळत नाही, शिकारीचे कपडे घालून आर्मगार्डसकट सराव करा.

बाण उडतानाही बोलतो. मोठी पाच इंची, जास्त पिळात लावलेली पिसं सुस्कारा टाकत जातात, चार इंचांची पॅराबोलिक आकाराची (मागून गोल) शांत असतात, शील्ड कटची (मागून टोकदार) थोडी जास्त वाजतात. एखादं पीस फाटलेलं असेल तर तो बाण सरावाला ठेवा. ब्रॉडहेडमध्ये (शिकारीचं पात्यांचं टोक) मोठी भोकं असतील तर शिट्टी येते, भरीव दोन पात्यांचं घ्या. हे सीझनच्या आधी प्रत्यक्ष मारून ऐका, सरावाचं टोक आणि ब्रॉडहेड यांचं वजन तेच असलं तरी आवाज तोच असेल असं नाही.

सगळं जमलं तरी अंतर कमीच ठेवा. १५ यार्डांवर हरणाला दबायला मिळणारा वेळ २० पेक्षा जवळपास चौथ्या हिश्श्याने कमी असतो. आणि मान वर करून कान टवकारून तुमच्याच दिशेने बघणाऱ्या हरणावर बाण सोडू नका, ते आधीच तयार असतं, कितीही शांत धनुष्य असलं तरी. ते परत चरायला लागेपर्यंत थांबा, नाही लागलं तर जाऊ द्या.

सीझनमध्ये दर वेळी बाहेर पडायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: ब्रेस हाइट टेपवर लिहिलेल्या मापाला आहे का, सायलेन्सर सरकलेत का, लिम्बच्या पट्ट्या सुटल्यात का. पावसातून आलात तर फर झटकून दोरीला मेण लावा आणि धनुष्य गाडीत ठेवून देऊ नका, घरात सावलीत आडवं टांगा.